सगुणाबाईचा सरदार

ऐतिहासिक कादंबऱ्या मला आवडत नाहीत, हे आधीच सांगून टाकतो. त्यांतल्या नायकाला कधी सर्दी होत नाही. त्याचं पोट बिघडत नाही, झोप उडते ती फक्त नायिकेच्या आठवणीने, आणि अंगावर सत्तावीस वार झेलून दुसऱ्या दिवशी सकाळी हा गृहस्थ बागेत कारंज्यापाशी हजर असतो. असं असूनही एकावन्न सालच्या पावसाळ्यात मी दर रविवारी शाळेच्या ओट्यावर बसून असलीच एक कादंबरी साऱ्या गावाला मोठ्याने वाचून दाखवत होतो. त्यात जे काही बरं झालं त्याचं श्रेय माझं नाही, सगुणाबाईचं आहे. म्हणून ही हकिकत तिची.

गाव कळवा आणि मुंब्रा यांच्या मधे, खाडीला चिकटून. वस्ती सगळी आगऱ्यांची. थोडी भातशेती, बाकी मिठागरं. पावसाळ्यात मिठागरं बंद पडली की लोकांना दुपारी काही काम नसे, आणि काम नसलं की भांडणं होत. ती होऊ नयेत म्हणून मी वाचन सुरू केलं. मी मूळचा पेणचा, आडनाव गुप्ते, एकट्याने चालवायच्या शाळेचा एकटा मास्तर. शनिवारी मी पूल ओलांडून ठाण्याच्या बाजारात जाई, मासळी घेई आणि एक साप्ताहिक घेई. त्या साप्ताहिकात 'शेल्याची शपथ' नावाची कादंबरी क्रमशः येत होती. नायक सरदार रायाजीराव घोरवडकर, नायिका कनकलता. लेखकाचं नाव मी सांगत नाही, त्याने माझं काही वाईट केलेलं नाही.

सगुणाबाई त्या वेळी तिशीची असेल. उंच, हाडापेराने भक्कम, मिठाचं भरलेलं घमेलं डोक्यावर घेऊन बांधावरून चालायची तेव्हा हात लावायची नाही. बोलायची फार कमी. तिचा नवरा भिवा लढाईच्या काळात मुंबईच्या गोदीत हमाल होता. चव्वेचाळीस साली गोदीत जो मोठा स्फोट झाला, त्या दिवशी तो तिथेच कामावर होता. तिसऱ्या दिवशी चालत घरी आला. अंगावर ओरखडासुद्धा नव्हता. आला, कोपऱ्यातलं घमेलं उचललं, डोक्यावर पालथं घातलं आणि खाटेखाली जाऊन बसला.

त्याला आता सात वर्षं झाली होती. भिवा जेवायचा, अंघोळ करायचा, क्वचित गाईगुरांपाशी जायचा. पण घमेलं डोक्यावरून उतरत नसे, आणि मुंब्र्याच्या डोंगरात खडी काढायला सुरुंग लागला की तो असेल तिथून खाटेकडे धाव घ्यायचा. एकदा तर दुसऱ्याच्या खाटेखाली शिरला, आणि वर बाळंतीण होती. बोलणं त्याने सोडूनच दिलं होतं. भगत झाला, कोंबडे झाले, आणि शेवटी गाव म्हणू लागलं की याला ठाण्याला धाडा.

आमच्याकडे माणसाला 'ठाण्याला धाडा' म्हटलं की त्याचा एकच अर्थ, वेड्यांचं इस्पितळ. बाजारहाटासाठी लोक रोज ठाण्याला जात, तरी कुणी 'कुठं चाललास' विचारलं तर 'बाजारान' सांगत, ठाण्याचं नाव घेत नसत. त्या इस्पितळात काही वाईट होतं असं मी म्हणत नाही. गावातल्या कुणीच ते आतून पाहिलेलं नव्हतं, त्यामुळे प्रत्येकाला तिथली इत्थंभूत माहिती होती.

भिवाचा धाकटा भाऊ रघु याला घाई होती. त्याची मुलगी शकू हिचं शिळफाट्याकडच्या एका घरात जमत आलं होतं. दिवाळी झाली की पाहुणे बोलणी पक्की करायला येणार, आणि खाटेखाली घमेलं घातलेला माणूस बसलेला बघणार. रघु तसा दुष्ट नव्हता. मुलीचा बाप होता, आणि मुलीचा बाप त्या दिवसांत कसा वागतो ते आपण सगळ्यांनी पाहिलेलं आहे.

आता माझा मूर्खपणा.

श्रावणातला एक शनिवार. सात प्रकरणं वाचून झाली होती. सरदार रायाजीराव कनकलतेच्या शेल्याची शपथ घेऊन लढाईला गेले होते आणि आठव्या प्रकरणात त्यांचं काय होतं यावर गावात जोरदार वाद चालू होते. मी बाजारात मर्सीकडून करंदी घेतली. मर्सी ही आमच्याच खाडीकाठची ख्रिस्ती कोळीण, हात विजेसारखा चालायचा. पैसे काढायला मी साप्ताहिक तिच्या टोपलीच्या काठावर ठेवलं. मागे वळून बघतो तो आठवं प्रकरण दुसऱ्या कुणा बाईने घेतलेल्या करंदीभोवती गुंडाळलं जाऊन स्टेशनच्या गर्दीत दिसेनासं झालं होतं. दुकानात दुसरा अंक शिल्लक नव्हता.

खरं सांगून मोकळा झालो असतो तर बरं होतं. पण रविवारी दुपारी ओट्यावर पाऊणशे माणूस बसलेलं. आवडाबाई, म्हणजे भिवा-रघुची आई, साऱ्या गावातली वयाने मोठी, ती सर्वांत पुढे. तिच्या समोर 'प्रकरण करंदीत गेलं' म्हणायची माझी छाती झाली नाही. मी जुनाच अंक उघडला, घसा साफ केला आणि मनाने वाचायला लागलो.

"सरदार लढाईहून परत आले," मी म्हणालो, आणि पुढे काही सुचेना. नजर वर गेली. ओट्याच्या टोकाला, शाळेच्या बाकाखाली, घमेलं घालून भिवा बसलेला. मी म्हणालो, "पण शिरस्त्राण काही केल्या उतरवेनात. आणि नौबत वाजली तसे सरदार पलंगाखाली जाऊन बसले."

ओट्यावर कुणी खोकलं नाही. मी इतकी वर्षं शिकवलं, इतकी शांतता मला कधी मिळाली नव्हती. सगुणाबाई खांबाला टेकून बसलेली असायची, ती सरळ झाली.

"मंग?" आवडाबाई म्हणाली.

"क्रमशः," मी म्हणालो आणि अंक मिटला.

पुढच्या आठवड्यात नववं प्रकरण नीट हाती आलं. त्यात सरदार वाघाशी कुस्ती खेळत होते. गेल्या रविवारी पलंगाखाली बसलेला माणूस या रविवारी वाघाशी कुस्ती कशी खेळेल? वाघ वगळला. दहाव्यात सरदारांचं कनकलतेशी थाटामाटाने लग्न लागलं, तेही वगळावं लागलं. मग मी छापील अंक समोर धरायचा, पानं उलटायची, आणि वाचायचं मात्र स्वतःचं, असा क्रमच पडला. अंक वाचून झाले की मी ते कपाटात टाकत असे. मंगळवारी दुपारी बायकांचा साक्षरतेचा वर्ग असायचा, त्याला सरकारी पुस्तकं पुरत नसत, म्हणून कपाटातलं हाताला येईल ते मी त्यांच्यापुढे टाकी. अक्षर अक्षर लावून वाचणाऱ्या बायका त्या, त्यांना काय समजणार, असा माझा समज. या समजाकडे पुन्हा यायचं आहे.

दोनतीन रविवारांत गावाने भिवाला 'सरदार' म्हणायला सुरुवात केली. आधी चेष्टेने, मग सवयीने. आणि एका रविवारी वाचन संपल्यावर रघुने सरळ प्रश्न टाकला.

"मास्तर, यो सरदार बरा होनार का नाय? माना पावन्यांना सांगायचा हाय."

मी म्हणालो, पुढचं मला कसं ठाऊक असणार?

तेव्हा आवडाबाईने जो निवाडा दिला, तसला निवाडा मी आजवर कुठे ऐकलेला नाही. "सरदार म्हंजे मोठ्या घरची मानसा," ती म्हणाली. "मोठ्या घरान असा झाला तं ती कं करतान ते बघू. त्यांनी सरदाराला घरान ठेवला तं आपुन भिवाला ठेवू. त्यांनी धाडला, आपुन धाडू. गोष्ट सरंपरयंत कोनी भिवाला हात लावायचा नाय."

साऱ्यांनी माना डोलावल्या. एका माणसाचं घरात राहणं न राहणं एका कादंबरीवर ठरलं, ती कादंबरी अस्तित्वात नव्हती, आणि ती रचणारा मी!

मी प्रयत्न केले. राजवैद्य आणला. तो म्हणाला, रोग्यासमोरून सात हत्ती डौलाने चालवत न्या, म्हणजे त्याचं भय जाईल. मला वाटलं, हत्ती कुठून आणणार, निदान हा उपाय तरी कुणी करणार नाही. सोमवारी सकाळी भिवाच्या ओसरीवरून सात म्हशी डौलाने चालवण्यात आल्या. पाचवी घरात शिरली आणि निघेना. रघु ओढतोय, शकू ढकलतेय, म्हैस हलत नाही. शेवटी भिवाच खाटेखालून बाहेर आला, म्हशीच्या पाठीवर हात फिरवला, तिची धार काढली, तिला बाहेर नेऊन सोडलं आणि परत खाटेखाली गेला. गावाने याला गुण म्हणायचं की नाही यावर दोन दिवस काथ्याकूट केला.

त्यानंतर मी जपून वाचू लागलो. सरदारांना साजूक तुपातला शिरा लागू पडतो असं वाचलं, आणि भिवाला शिरा मिळू लागला. सरदारांशी कुणी वरच्या आवाजात बोलायचं नाही असं वाचलं, आणि रघु महिनाभर घरात कुजबुजत राहिला. मग मला एक बरी गोष्ट सुचली. किल्ल्यावरचा गोलंदाज तोफ उडवण्याआधी घंटा वाजवतो, आणि मग सरदार दचकत नाहीत.

दुसऱ्या दिवशी सगुणाबाई एकटी डोंगरावर खाणीत गेली. तिथला मुकादम गिल्बर्ट मला पुढे ठाण्यात भेटला तेव्हा सांगत होता, "बाई आली, बोलली, तुमी गोलंदाज ना? मी बोललो, नाय, मी गिल्बर्ट. ती बोलली, चालंल." सुरुंगाआधी घंटा बडवायची एवढंच तिचं मागणं. त्याने रेल्वेच्या रुळाचा एक तुकडा झाडाला टांगला. तेव्हापासून डोंगरावर घण्‌ घण्‌ झालं की भिवा शांतपणे उठायचा, चहाचा कप हातात घ्यायचा, खाटेखाली जाऊन बसायचा, धमाका होऊन गेला की रिकामा कप घेऊन बाहेर यायचा. धाव नाही, थरथर नाही. बरा झाला म्हणावं तर घमेलं होतंच.

या यशाने मला चढली. आपण कादंबरीकार आहोत असं वाटायला लागलं. माझी प्रकरणं सुवाच्य अक्षरात लिहून मी त्या साप्ताहिकाच्या संपादकांना पाठवली. उलट टपाली उत्तर आलं: 'आपला नायक पलंगाखाली बसतो. ऐतिहासिक नायकास असला आजार नसतो. हस्तलिखित साभार परत. कळावे.' मी दोन दिवस वर्गातल्या मुलांवर विनाकारण ओरडत होतो.

दिवाळीच्या आधीच्या शनिवारी ठाण्याच्या दुकानात अंक बघितला तर वर ठळक अक्षरांत 'अखेरचे प्रकरण'. म्हणजे उद्या गोष्ट संपवणं भाग. आता सरदारांना खडखडीत बरं केलं तर गाव भिवाकडे बघणार, आणि भिवा तर तसाच. बरं नाही केलं, तर मोठ्या घरचे लोक त्याचं काय करतात ते सांगावं लागणार, आणि ते विश्वास बसेल असं सांगायला मला जमेना. त्या रात्री मला त्या माणसाची, त्या घमेल्याची, खरंच काळजी वाटत होती.

रविवारी ओटा भरला. मी अंक उघडणार, इतक्यात रघु उभा राहिला. त्याच्या हातातही तोच अंक होता.

"मास्तर, थांबा," तो म्हणाला. "काल बाजारान दाढी करताना न्हावी बोलला, सरदाराचा लगीन कवाच झाला. पोरगा पन झाला. त्याना पलंगाचा कायच म्हायीत नाय. तुमी वाचताव ते यान हाय का नाय?"

"न्हाव्याने दुसरी कादंबरी वाचली असेल," मी म्हणालो.

"मंग दुसऱ्या कोनी वाचून दाखवू दे. वैनी वाचंल."

वहिनी म्हणजे सगुणाबाई. साक्षरतेच्या वर्गातून त्या वर्षी परीक्षा पास झालेली ती एकटीच. कुणीतरी म्हणालं, ती तर भिवाची बायको, ती खरं कशाला वाचेल? त्यावर रघु म्हणाला, "ती आता आता शिकली हाय. खोटा वाचाला मास्तराएवरा शिकावा लागतं." हे सगळ्यांना पटलं. मलासुद्धा पटलं, आणि म्हणून मी जास्तच घाबरलो. कारण शिकवणारा मी होतो. बोट अक्षराखाली ठेवायचं, एकही अक्षर सोडायचं नाही, जे आहे तेच वाचायचं, हे मीच तिला वर्षभर घोकवलं होतं.

सगुणाबाईने अंक घेतला, मांडी घातली, बोट ठेवलं. मी तिच्या मागे उभा. भिवा बाकाखाली.

"क-न-क-ल-ता," तिने वाचलं. "कनकलता ए-क-टी रडली." थांबली. बोट मागे नेलं. "कनकलता एकटी रडली. मंग तोंड धुतला. भायेर आली."

मी खाली वाकून बघितलं. तिचं बोट केसांच्या तेलाच्या जाहिरातीखाली होतं. 'आठ दिवसांत केस गळणे थांबते', त्या ओळीवरून ते बोट सावकाश, एकेक अक्षर लावत, पुढे सरकत होतं.

"सरदार ब-रा झाला नाय. राजवैद्य बोलला, होनार पन नाय. सरदाराचा भाव बोलला, याला धाडा. कनकलता बोलली, यो माजा हाय. तोफ उडवाची तं उडवा, पयली घंटा वाजवा. पलंगाला कोनी हात लावायचा नाय."

बोट तेलाच्या बाटलीच्या चित्रावर आलं होतं. मला वाटलं आता अडखळणार, कारण चित्राखाली अक्षरं नव्हती. ती चित्रावरूनही तशीच अक्षर लावत गेली.

"पावने आले. त्याही विचारला, यो कोन? सरदाराची आय बोलली, यो आमचा मोठा पोरगा. लढाईतशी आला हाय. पावने बोलले, बरा. सरदाराच्या पुतनीचा लगीन झाला. सरदार मांडवान बसला. डोक्यावर जे व्हता ते व्हता. स-मा-प्त."

रघुने अंक परत घेतला, उलटासुलटा करून पाहिला. मग आईकडे पाहिलं. आवडाबाई बराच वेळ बाकाखाली बघत होती. मग तिने पदराने नाक पुसलं आणि म्हणाली, "आयकलास ना रघु? मोठ्या घरची रीत हाय. तशीच करू."

तसंच झालं. पाहुणे आले, त्यांनी विचारलं, आवडाबाईने कादंबरीतलं उत्तर शब्दन्‌शब्द दिलं, आणि पाहुणेही 'बरं' म्हणाले. एवढ्या सोप्या प्रश्नासाठी सगळं घर पावसाळाभर हैराण होतं. तुळशीचं लग्न झाल्यावर शकूचं लग्न लागलं. भिवा मांडवात बसला होता. घमेलं आवडाबाईने चिंच लावून घासून दिलं होतं. ताशा वाजण्याआधी रघुने स्वतः पितळी ताटावर दोनदा पळी मारली, आणि भिवा कप घेऊन मांडवात आणलेल्या शाळेच्या बाकाखाली गेला.

त्या दिवशी पंगत उठल्यावर सगुणाबाई पत्रावळी गोळा करत होती. मी तिला बाजूला गाठलं.

"सगुणाबाई, तुम्हाला कधीपासून माहीत होतं?"

"म्हशींच्या आदीपासून," ती म्हणाली. "मंगलवारी तुमीच ते अंक आमच्यापुढं टाकताव. वाघ पन वाचला, लगीन पन वाचला. पोराचा बारसा पन वाचला."

"मग बोलला का नाहीत कधी?"

"तुमी चांगला वाचत व्हतेव," ती म्हणाली. मग हातातल्या पत्रावळी खाली ठेवल्या. माझ्याकडे बघितलं, रागाने नाही, पण मास्तराकडे विद्यार्थिनी बघते तसंही नाही. "येक गोष्ट तेवरी चुकली, मास्तर. सरदाराला कं झाला, सरदाराला कं द्याचा, सगला वाचलाव. कनकलताचा कायच नाय. मी दर ऐतवारी वाट बघं, आज तरी मास्तर तिला रडवतील. मंग मीच वाचला."

'कनकलता एकटी रडली' ही दोनदा वाचलेली ओळ मला तेव्हा कळली. अक्षर लागलं नाही म्हणून बाई मागे गेली, असं मी धरून चाललो होतो.

ती पत्रावळी उचलून निघाली. डोंगरावरून घंटेचा आवाज आला. सुट्टीचा दिवस असूनही गिल्बर्ट सुरुंग लावत होता. सगुणाबाई वळली, चुलीवरून कपात चहा ओतला, आणि बाकाखाली वाकून भिवाच्या हातात दिला.